चन्नप्पाचा हात

सेलू, सोमवार, २३ फेब्रुवारी १९४८

आज आडतीसमोर नवाबसाहेबांची मोटार येऊन थांबली. बाजार नावालाच चालू आहे. रुईच्या गाड्या येत नाहीत, जिनिंगचा भोंगा कधी वाजतो कधी वाजत नाही. असल्या दिवसांत एवढा मोठा जागीरदार माझ्यासारख्या अडत्याच्या गादीवर बसतो आणि चहा मागतो, तेव्हा पहिला विचार एकच येतो. ह्यांना माझ्याकडून काय पाहिजे?

पाहिजे होती चन्नप्पाची भांडी.

चन्नप्पा माझा पाठचा भाऊ. मुंबईला कलाशाळेत शिकायला धाडला. चित्रकार होऊन येईल म्हणून वाट पाहिली, तर चिखलाचे हात घेऊन आला. आमच्या घराण्यात तराजूशिवाय कुणी काही हातात धरलं नव्हतं. वडील लिंगैक्य होईपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत. त्यानं चुडाव्याला स्टेशनाजवळ जागा घेतली, भट्टी घातली, बरण्या, वाडगे, सुरया करत बसला. कुंभाराची मडकी नव्हेत. चिनी मातीसारखी पक्की, वर झिलई चढवलेली, आणि प्रत्येक वेगळं.

गेल्या पौषात करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जळला. त्यात चन्नप्पा होता म्हणतात. पोलीस मागं लागले आणि गोदावरीच्या काठावर त्याचा कोट नि धोतर सापडलं. देह सापडला नाही. परभणीच्या अमीनसाहेबांनी, तिथल्या पोलीस फौजदारांनी, बुडाला असं लिहून घेतलं. मी त्याच्या बायकोला, शांतम्माला, आणि भांड्यांच्या पेट्यांना चुडाव्याहून इथं आणलं.

नवाबसाहेब म्हणाले, "कल्याणराव, आपके भाई का हाथ हमने देर से पहचाना. अब वो नहीं रहे तो बाज़ार में हर ऐरा-गैरा माल उनके नाम से बिकेगा. आप भाई हैं. आप देखकर कहिए, कौन-सा उनका है. जिसे आप असल कहें, वही हम लेंगे."

मी म्हटलं, मी कापसाचा माणूस, मला भांड्यातलं काय कळणार?

"कपास भी तो आप उँगलियों से ही पहचानते हैं," म्हणाले आणि हसले.

बघतो म्हणून सांगितलं. पण रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात, हिंदी हद्दीत, पळायलीत आणि ह्यांना बरण्या सुचतात? ह्यांची सरकारात ऊठबस आहे. भांड्यांच्या निमित्तानं चन्नप्पाचे सोबती कोण होते ते काढायला आले असतील. जपून राहिलं पाहिजे.


बुधवार, १० मार्च

काल शिवरात्र झाली. उपास सोडून आज पेट्या उघडल्या. शांतम्मा एकेक भांडं गवतातून काढून देत होती, मी उन्हात धरून पाहत होतो.

सकाळी सगळी सारखीच दिसली. दुपारपर्यंत हाताला काहीतरी लागायला लागलं. रुईचा पेळू ओढून तंतू किती लांब ते आपण सांगतो ना, तसंच हेही आहे. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं.

एक, वजन. चन्नप्पाचं भांडं दिसतं त्याहून हलकं. उचलताना हात जरा वरच जातो. दुसरं, बूड. बुडाची कडा तो तिरकी कापायचा, त्यामुळं भांडं जमिनीपासून बोटभर अधांतरी असल्यासारखं दिसतं. तिसरं, झिलई. त्याची झिलई विटकरी नाहीतर काळपट. आत बारीक जाळी पडलेली. हिरव्या झिलईसाठी त्यानं फार खटपट केली. दरवेळी भट्टीतून शेवाळलेलं, फुगे आलेलं काहीतरी निघायचं आणि तो ते विहिरीत टाकायचा.

नाव मात्र कुठंही नाही. खूण नाही, सही नाही. मी एकदा त्याला रागावलो होतो की नाव घाल, पुढं किंमत येईल. त्यावर तो नुसता भांडं उलटं करून माझ्या हातात देऊन गेला होता.

नवाबसाहेबांनी किमतीचं गणित सांगितलं होतं. टिचकी मारून नाद बघा, बद्द वाजलं तर आत तडा आहे. दोन भांडी अगदी सारखी निघाली तर साच्याचा संशय घ्या. आणि जे कारागिराला एकदाच जमलं, पुन्हा जमलं नाही, त्याचं मोल सगळ्यात जास्त.

शांतम्मानं बांगड्या अजून ठेवल्या आहेत. गंगम्मानं, आमच्या घरातल्या मंडळींनी, आज विषय काढला. शांतम्मा म्हणाली, "अक्का, देह बघितल्याबिगर मी काईच काढणार न्हाई." पण लोक बोलायलेत.


रविवार, २८ मार्च

होळी होऊन गेली. यंदा पोरांनी बोंबसुद्धा दबकतच मारली.

आज बाजारात एक प्रकार घडला. हिंगोलीकडून तट्टावर मडकी घालून येणारा आश्रुबा म्हणून एक विक्या आहे. त्याच्या मडक्यांत एक बरणी दिसली. हिरवी. कच्च्या आंब्याच्या सालीचा रंग असतो तसा, आणि खांद्यावरून ओघळताना गडद होत गेलेला. मान अरुंद, पोट भरदार. घाट चन्नप्पाचाच.

उचलून पाहिली आणि मस्तकात तिडीक गेली. जड! बूड सरळ कापलेलं, ओबडधोबड. झिलई तर त्याला जन्मात न जमलेली. म्हणजे घाट तेवढा चोरलाय. माझ्या भावाला जाऊन तीन महिने झाले नाहीत तोच कुणीतरी त्याच्या नकला पाडायला बसलंय.

"ही कुठून आणलीस?"

"घेतली हिंगोलीच्या बाजारात, मालक. मला काय ठाऊक कोण करतंय? लोकं घ्यायलेत, मी इकायलोय."

बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तट्टाच्या पायाकडं बघत होता. खोटं बोलणारा माणूस मला कळतो. ओली रुई वाळलेली म्हणून विकणाऱ्यांत माझी हयात गेली.

बरणी घेऊन घरी आलो, शांतम्माला दाखवली. तिनं ती मांडीवर घेतली, मानेतून आत हात घातला आणि तशीच बसली. मग तोंडाला पदर लावला. हसली की रडली ते समजलं नाही. मी विचारलं, "चन्नप्पाची हाय का?"

"मला काई कळंना, दादा," म्हणाली. "पन ही माज्याजवळ राहू द्या."

नवऱ्याच्या नकलेवर कुणी एवढा जीव लावतं का?


रविवार, १८ एप्रिल

लिहू का नको असं होत होतं. लिहितोच.

शांतम्मा हल्ली दर बाजाराला जाते. पूर्वी उंबऱ्याबाहेर पडायची नाही. गंगम्मा म्हणते, जेवायला लागलीय, रंग सुधारलाय, पूजेला बसली की गुणगुणते. ती हिरवी बरणी तिनं लिंगपूजेच्या पाटाशेजारी ठेवलीय, तीत रोज फुलं घालते.

आज मी तिच्या मागं मागं गेलो. सरळ आश्रुबाच्या तट्टाजवळ गेली. भाव केला नाही, मडकं घेतलं नाही. पदराखालून एक गाठोडं काढून त्याला दिलं. त्यानं ते मडक्यांत दडवलं. दोघांत दोन वाक्यं झाली आणि ती माघारी फिरली. बोळात मला बघून पांढरीफटक पडली.

"काय दिलंस त्याला?"

"भाकरी हायत. आनि जुनी कापडं. गरीब हाय बिचारा."

भाकरी! माझ्या घरातल्या भाकरी, चन्नप्पाची कापडं, आणि त्या विक्याला! चन्नप्पाच्या बायकोबद्दल असला विचार मनात यावा याची मलाच लाज वाटते. पण आला. घरी आल्यावर तिच्याशी बोललो नाही.


सोमवार, २६ एप्रिल

आज चुडाव्याला जाऊन आलो. गाडीत पूर्णेपर्यंत निम्मे डबे रझाकारांनीच भरलेले. खिडकीबाहेर बघत बसलो.

भट्टी थंड आहे. तोंडाशी कोळ्यांनी जाळी विणली आहेत. पण आतली खोली बघून मी चमकलो. चन्नप्पाचं चाक नव्हतं. निदान वरचा फिरता पाट नव्हता, खालचा दगड तसाच होता. झिलई वाटायचा खल नाही. रंगाच्या मातीचे डबे होते ती फळी रिकामी. कुलूप फोडलेलं नाही, कडी शाबूत. म्हणजे किल्ली होती. एक किल्ली माझ्याकडं. दुसरी शांतम्माकडं.

आता सगळं जुळलं. तिनं आश्रुबाला किल्ली दिली, त्यानं सामान उचललं, कुठंतरी कुंभार बसवून चन्नप्पाच्या घाटाची भांडी पाडायला लागला. आणि नवाबसाहेब? बाजारात नकला येणार हे त्यांना फेब्रुवारीतच कसं ठाऊक? तेही ह्यात असतील. माझ्या तोंडून 'असल' म्हणवून घ्यायचं आणि हैदराबादेत दामदुपटीनं खपवायचं.

चन्नप्पाचं माझं फार पटायचं असं नाही. पण त्याच्यामागं त्याचा हात तेवढा उरलाय, ह्या पाचपन्नास भांड्यांत. त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही.


मंगळवार, २७ एप्रिल

आज परभणीला जाऊन अमीनसाहेबांना भेटलो. मयत भावाची हत्यारं चोरीला गेली, त्याच्या नावानं नकली माल निघतोय, आश्रुबा नावाचा विक्या विकतोय, अशी फिर्याद दिली. शांतम्माचं नाव घेतलं नाही. घरची अब्रू आहे.

मला वाटलं, हाकलून देतील. मडक्यांची फिर्याद कोण घेतं ह्या दिवसांत? पण त्यांनी खुर्ची दिली. पान दिलं. "अच्छा? नई भट्टी? किधर? हिंगोली की तरफ? और माल हूबहू भाई के जैसा?" दोनदा, तीनदा तेच विचारलं. फार आस्थेनं ऐकलं. सरकारी माणसात एवढी कळकळ मी प्रथमच पाहिली. मन हलकं झालं.


शुक्रवार, १४ मे

अमीनसाहेब आठ-पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा चहाला येऊन गेले. आज बातमी दिली की आश्रुबाला धरला. त्याच्याजवळ आणखी हिरवी भांडी सापडली. "कहाँ से लाया, बोलताच नै. मार खाया तो भी नै बोला," म्हणाले. मंगळवारी परभणीच्या कचेरीत मी येऊन भांडी तपासायची. नवाबसाहेबांनाही बोलावलं आहे. सापडलेल्यांपैकी एक पातेलं माझ्याकडं ठेवून गेले. म्हणाले, जुन्याशी नीट ताडून पाहा, घाई नाही.

ते गेल्यावर शांतम्मा बैठकीच्या दारात येऊन उभी राहिली. बैठकीत ती कधी येत नाही.

"दादा, तुमी त्या अमीनाला काय सांगितलाव?"

मी सांगितलं, फिर्याद दिली म्हणून. तिनं चौकट धरली. आश्रुबाला मारलं ते तिला एवढं लागलं. माझा संशय खराच होता म्हणायचा.

पण मग ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती लाजेची नव्हती. भीतीची होती. माझी भीती.


रविवार, १६ मे

ही वही आजपासून गादीखाली राहणार नाही. सरकीच्या पोत्यात राहील.

सकाळी ते पातेलं घेऊन अंगणात बसलो. रुंद तोंडाचं, वीतभर खोल. फिर्यादीला बळकटी यावी म्हणून जुन्या-नव्यातले फरक नीट मनात बसवत होतो. माती वेगळी, बूड वेगळं, झिलई वेगळी. सगळं वेगळं. आणि तरी मांडीवर घेतलं की ते परकं वाटेना.

मग मी आतून हात फिरवला. बरणीच्या मानेत माझा पंजा जात नव्हता. ह्यात गेला. चाक फिरताना आतून बोट दाबून भांडं वर चढवतात, त्याच्या रेषा राहतात, बुडापासून तोंडापर्यंत. ह्या पातेल्यात प्रत्येक रेषेला लागून दुसरी एक पुसट रेषा होती. जाड्या दोऱ्याबरोबर बारीक दोरा चालावा तशी. मला वाटलं, भास आहे. पेटीतला एक जुना वाडगा काढला. त्यातही तीच. दुसरा काढला. तीच. सगळ्या पेट्या अंगणात रिकाम्या केल्या. गंगम्मा विचारायला लागली, अहो काय झालं?

चन्नप्पा लहान असताना जिनिंगमध्ये त्याचं मधलं बोट सापडलं होतं. हाड वाकडंच बसलं. पेन्सिल धरताना ते शेजारच्या बोटावर चढायचं आणि मास्तर हातावर छडी मारायचे. ते बोट भांड्याच्या आत दर फेऱ्याला आपली वेगळी रेघ ओढत होतं.

माती त्या त्या गावची असते. झिलई तिथल्या राखेची. बूड हातात जे हत्यार आलं त्याचं. घाट कुणीही चोरेल. पण ती रेघ कोण चोरणार? आणि चोरायची म्हटली तरी आत, जिथं कुणी बघत नाही तिथं कोण कशाला चोरेल?

मान वर केली तर शांतम्मा खांबाला टेकून उभी.

"तो जिता हाय," मी म्हटलं.

"व्हय."

"तुला कवापासून ठाऊक?"

"पयल्या बरणीपासून. माजा हात जातोय आत."

"आनि मला सांगितलं न्हाईस?"

"तुमच्याकडं अमीन चहाला येतोय, दादा."

ती म्हणाली, औंढ्याकडच्या डोंगरात आहे; वाडीचं नाव सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कुंभारांत कुंभार होऊन राहिलाय. हत्यारं आश्रुबानं तिच्याच किल्लीनं नेली. माणूस बुडाला असं कागदावर आहे म्हणून कुणी शोधत नव्हतं. आता शोधतील. मी त्यांना चांगली वाट दाखवून आलोय.




मंगळवार, १८ मे

कचेरीत टेबलावर भांडी मांडून ठेवली होती. बरणी एक, वाडगे दोन, आणि मी परत नेलेलं पातेलं. नवाबसाहेब आधीच येऊन बसले होते, हातात काठी, डोळे अर्धे मिटलेले. आश्रुबाला कोपऱ्यात उकिडवा बसवला होता. तोंड सुजलेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं.

अमीन म्हणाले, "बोलो कल्याणराव. तुम्हारे भाई का काम है या नै? सोच के बोलो. भाई का काम होगा तो मुर्दा भांडे नै बनाता."

मी सांगितलं. माती जड आहे, चन्नप्पाची हलकी असते. बूड सरळ कापलंय, त्याचं तिरकं असायचं. हिरवी झिलई त्याला आयुष्यात जमली नाही, सगळ्या चुडाव्याला ठाऊक आहे. एकेक शब्द खरा होता. आणि शेवटी म्हटलं, हे चन्नप्पाचं नाही.

अमीन नवाबसाहेबांकडं वळले. "आप का क्या खयाल है, हुजूर?"

नवाबसाहेबांनी पातेलं जवळ ओढलं. टिचकी मारली. नाद कचेरीभर झाला. मग त्यांनी अस्तनी मागं सारली आणि हात आत घातला. त्यांची बोटं बुडापासून वर येता येता मध्येच थांबली. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. हात बाहेर काढून त्यांनी रुमालानं पुसला.

"कल्याणराव दुरुस्त फ़रमाते हैं. नक़ल है. और नक़ल भी मामूली."

जीव भांड्यात पडला, पण मनातून रागही आला. मामूली? एवढा जाणकार म्हणवतो, आत हात घालून बसला, आणि ह्याला काही कळलं नाही! सगळी वरवरची ऐट.

अमीन खुर्चीत मागं रेलले. "नकल है तो रखने का क्या काम? फोड डालो." शिपाई पुढं आला तर त्याला थांबवलं. "तू नै. कल्याणराव फोडेंगे. भाई की बदनामी हुई है ना उनकी."

ते पातेल्याकडं बघत नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी उचललं. खिडकीचं ऊन त्यावर पडलं आणि काठाशी साचलेली ती हिरवी झिलई आतून उजळली. चन्नप्पानं विहिरीत टाकलेली सगळी भांडी मला आठवली. एवढ्या वर्षांची खटपट डोंगरात लपून बसलेल्याला साधली होती. त्याच्या हातचं ह्याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही. पुन्हा त्याला असं जमेल की नाही ठाऊक नाही. मी तोंडावर राग आणला. राग मला आणता येतो. आणि फरशीवर आदळलं.

अमीननं मान हलवली. त्यांचा रस गेला. उरलेली भांडी शिपायानं फोडली. आश्रुबाला दोन काठ्या आणि एक शिवी देऊन सोडला.

नवाबसाहेब मात्र काठी बाजूला ठेवून खाली वाकले आणि पातेल्याचे तुकडे एकेक करून आपल्या रुमालात गोळा करायला लागले. "मिट्टी देखनी है," म्हणाले. फुटक्या नकलेचं हे काय करणार?

पायऱ्या उतरताना ते माझ्याजवळ थांबले. हळू आवाजात म्हणाले, "सुना है जुमे से औंढे की तरफ़ वाड़ी-वाड़ी तलाशी होगी. कच्चा माल बहुत टूटेगा. कोई बनाने वाला आपकी पहचान का हो तो कह दीजिए, माल पैनगंगा पार रखे."

माझी कुणाशी ओळख नाही, असं मी तोंडावर सांगितलं.

हा सापळा आहे. मी कुणाकडं निरोप धाडतो ते बघायचं आणि त्याच्यामागं शिपाई लावायचे. एकाच कचेरीतून दोघं निघालो, एकानं दरडावलं, दुसऱ्यानं गोंजारलं. मी कुणालाही काही सांगणार नाही.


बुधवार, १९ मे

काल जेवताना गंगम्माला नवाबसाहेबांचा कावा सांगत होतो. शांतम्मा वाढत होती. औंढ्याचं नाव निघालं तशी तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"जुम्मा म्हंजे शुक्रवार," म्हणाली.

मी तिला समजावलं. म्हटलं, ते लोक हेच बघायलेत, तू हललीस की संपलं.

"दादा, भांड्यात हात कुनी कुनी घातला?"

"मी. आनि त्यांनी."

"मग तुमाला कळलं नि त्यास्नी कळलं न्हाई, असं तुमाला खरंच वाटतंय?"

मी म्हटलं, त्याला काही कळत नाही, तोंडानं मामूली म्हणाला.

"तुमी समद्यांचा संशय घेता," ती म्हणाली. "माजाबी घेतलाव. मला ठाऊक हाय. तेवढा ह्या एका मानसाचा घेऊ नका."

आज पहाटे ती माहेरी बसमतला जाते म्हणून निघाली. आश्रुबा वेशीवर तट्टू घेऊन उभा होता, लंगडत. मी अडवलं नाही. ती चूक केली की नाही, शनिवारी कळेल.


सोमवार, ३१ मे

औंढ्याकडच्या वाड्यांतून खरंच झडती झाली, शुक्रवारीच. कुंभारांची छपरं जाळली. एका ओढ्याकाठी भट्टी सापडली, आतले निखारे अजून धुमसत होते, पण माणूस नव्हता. बाजारात ही बातमी रझाकारांचाच एक पोरगा फुशारकीनं सांगत होता.

शांतम्मा परवा परत आली. "पार झाले," एवढंच म्हणाली.

नवाबसाहेबांना ही बातमी तीन दिवस आधी कशी लागली, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.


रविवार, ३ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी वही काढली. हिंदी फौज येऊन निजामशाही गेली त्याला दोन आठवडे झाले. जे दिवस आले तेही सगळे गोड नव्हते. मोहल्ल्यांतून नको ते घडलं. नवाबसाहेबांची आपल्या जिल्ह्यातली कोठी लुटली गेली. ते कुठं आहेत, कुणाला पत्ता नाही.

आज दुपारच्या गाडीनं चन्नप्पा आला.

वाळलाय. दाढी छातीपर्यंत. मी स्टेशनावर गेलो होतो, पण मला आधी त्याचे हात दिसले, डब्याच्या दांडीवर. मग तोंड. त्यानं माझ्या पायांना हात लावला, मी त्याला उठवला. त्याच्या अंगाला राखेचा वास येत होता.

जेवायला बसलो. गंगम्मा रडत रडत वाढत होती. चन्नप्पा डोंगरातलं सांगत होता. पळसाची राख झिलईत घातली आणि ती हिरवी आली तेव्हा एकटाच भट्टीसमोर नाचलो म्हणाला. नवाबसाहेबांबद्दल विचारलं. कुणाला ठाऊक नाही म्हटल्यावर म्हणाला, उद्या-परवा हैदराबादला जाऊन शोधू, माझं पहिलं भांडं त्यांनीच विकत घेतलं होतं. मी येतो म्हटलं.

मग घास हातात धरून त्यानं विचारलं, "दादा, एक रुंद तोंडाचं पातेलं मी आश्रुबाबरोबर मुद्दाम धाडलं होतं. इकायला न्हाई. तुला मिळावं म्हनून. बरणीत तुजा हात जायचा न्हाई, हे मला मागून सुचलं. मिळालं का तुला?"

"मिळालं."

"मग ओळखलंस?"

मला हो म्हणता आलं असतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग ते कुठं आहे. आणि त्याच्या पुढचा, ते अमीनाच्या टेबलावर गेलंच कसं. कुंभारांची छपरं जळाली ती कुणामुळं, आश्रुबाचा पाय अधू झाला तो कुणामुळं. मी ताटाकडं बघत म्हणालो, "न्हाई. मला कुठं एवढं कळतंय?"

त्यानं घास ताटात ठेवला. मग जरा हसल्यासारखं करून म्हणाला, "असू दे. मला वाटलं व्हतं, तू तरी ओळखशील."

शांतम्मा ताक वाढायला वाकली होती. माझ्या वाटीत ताक ओतता ओतता, वर न बघता ती म्हणाली, "ओळखलं त्यांनी. ओळखलं म्हनूनच फोडलं."

चन्नप्पानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिनं त्याला कचेरीतलं सांगितलं. अमीन कसा माझ्या तोंडाकडं बघत होता ते मी तिला कधी बोललो नव्हतो. आश्रुबानं सांगितलं असेल, तो कोपऱ्यात होता. फिर्यादीचं ती बोलली नाही. त्याच्या आधीचं काहीच बोलली नाही. तिथूनच सुरू केलं, जणू त्याच्या आधी काही नव्हतंच.

चन्नप्पानं उष्ट्या हातानंच माझा हात धरला. मला ताक पिववेना. शांतम्मा म्हणाली, "प्या दादा, ताजं हाय," आणि पुढच्या ताटाकडं गेली.